हायब्रीड गाडीतले आभासी गिअर : हवेत की नकोत?

चौथा_गिअर

नमस्कार मंडळी,

गेली १२ वर्षं एकच मॅन्युअल सेडान चालवतोय. १,४०,००० किलोमीटर झाले, क्लच एकदाच बदललाय. आता घरच्यांचं म्हणणं आहे की हायब्रीड घ्या. रोज कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन ३२ किलोमीटर, तेही रांगत. हिशोब मलाही पटतो.

मागच्या रविवारी टेस्ट ड्राइव्ह घेतली. सिग्नलवरून गाडी निघाली ती अगदी अलगद, आवाजच नाही. पण बायपासला एका कंटेनरला मागे टाकायला पाय दाबला, तर इंजिन एकदम टिपेला गेलं आणि तिथेच अडकून बसलं. वेग आपला त्याच्या चालीने वाढत होता. इंजिन काय करतंय आणि चाकं काय करताहेत, याचा मेळच लागेना. गाडी जोरात होती, तरी मला मात्र आपण मागच्या सीटवर बसलोय असं वाटत राहिलं.

नंतर वाचलं की होंडाने २०२५ मध्ये जपानात जी नवी प्रील्यूड आणली, तिच्यात यावर ‘एस प्लस शिफ्ट’ नावाचा उपाय केलाय. गिअरबॉक्स नाहीच, पण ८ गिअर असल्यासारखं सगळं घडतं. स्टिअरिंगमागचं पॅडल बोटाने ओढलं की इंजिनाचा आवाज चढतो-उतरतो, हलका झटकाही बसतो.

माझा प्रश्न असा : अशी सोय आपल्याकडच्या हायब्रीडमध्ये आली तर तुम्ही वापराल का? त्याने गाडी चालवल्याचं समाधान मिळेल, की ते नुसतं खेळणं ठरेल? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी जरूर लिहा.

स्वच्छंदी

खेळणं. प्रतिसाद संपला.

नाशिककरीण

मस्त धागा. हायब्रीड घेऊन दीड वर्ष झालं, एकदाही गिअरची आठवण आली नाही. द्वारका सर्कलला संध्याकाळी साडेसहाला उभे राहा, मग क्लच किती प्रिय आहे ते सांगा. माझा डावा गुडघा त्या गाडीला रोज दुवा देतो.

वीजतंत्री

चौथा_गिअर, मेळ लागत नाही कारण मुळात तो नाहीच. थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल.

होंडाच्या हायब्रीडमध्ये (आपल्याकडे मे २०२२ पासून होंडा सिटी या गाडीत मिळते तीच रचना) शहरात चाकं फिरवते ती मोटर. पेट्रोल इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज मोटरला मिळते. मोटर आणि चाकं यांच्यात एकच ठरलेलं गुणोत्तर असतं, बदलायला गिअर नाहीत. हायवेला एका ठरावीक वेगात मात्र एक क्लच मिटतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. तेवढा भाग सोडला, तर इंजिन किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) फिरावं याचा चाकांच्या वेगाशी काही संबंध नसतो. जेवढी वीज लागते तेवढी कमीत कमी पेट्रोलमध्ये कुठल्या आरपीएमला मिळेल, एवढंच संगणक बघतो. तुम्ही पाय दाबलात, त्याने जास्त वीज मागितली, इंजिन तिथे जाऊन बसलं.

टोयोटाची रचना वेगळी आहे. तिथे ग्रहमालेसारखा दातेरी संच इंजिन आणि दोन मोटरींना कायम जोडून ठेवतो. पण कानाला येणारा अनुभव तोच.

आभासी गिअरमध्ये संगणक मनाशी धरून चालतो की आत्ता तिसरा गिअर आहे. तिसऱ्यात ६० च्या वेगाला इंजिन किती फिरलं असतं, तेवढंच तो जनरेटरकडून फिरवून घेतो. वेग वाढला की आरपीएम त्याच प्रमाणात वाढवतो. ‘गिअर बदलताना’ मोटरचा जोर क्षणभर कमी-जास्त करतो, तो तुमचा झटका. वरून स्पीकर आवाजात भर घालतात. म्हणजे आरपीएम खरे, झटका खरा, गिअर तेवढा काल्पनिक.

स्वच्छंदी

वीजतंत्री, उत्तम समजावलंत. पण माझंच म्हणणं पक्कं झालं ना? कमीत कमी पेट्रोल जाईल अशी इंजिनाची जागा संगणकाने शोधलेली, आणि आपण ती मोडून त्याला नाटक करायला लावायचं. मग हायब्रीड घेतली कशाला?

माझ्याकडे आजही ५ गिअरची हॅचबॅक आहे. पावसाळ्यात खंबाटकीत दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना दांडा ज्या जागी ‘टक्’ करून बसतो, ती जागा हाताला माहीत झालेली असते. तिथे आत दोन लोखंडी दात एकमेकांत बसलेले असतात. स्पीकरमधून तो ‘टक्’ ऐकवून काय साधणार?

पॅडलवाला

स्वच्छंदी, तुमचा ‘टक्’ मला कधी मिळालाच नाही.

माझा डावा पाय लहानपणापासून साथ देत नाही. लायसन्स काढलं तेव्हापासून ऑटोमॅटिकच. पहिली गाडी सीव्हीटी (ठरलेले गिअर नसलेली ऑटोमॅटिक) होती, तिच्या पॅडलवर ७ गिअर होते. तेही आभासीच, कारण सीव्हीटीत पट्टा आणि पुली. ते ७ टप्पे कंपनीने नुसते आखून दिलेले. पण पहिल्यांदा लोणावळ्याच्या चढाला मी स्वतः खालचा गिअर मागितला आणि गाडीने तो दिला, तेव्हा मी एकटाच गाडीत मोठ्याने हसलो होतो. २६ वर्षांचा होतो.

मला आत दात आहेत की पट्टा, याने फरक पडला नाही. मी मागितलं आणि गाडीने ऐकलं, एवढं पुरलं.

नाशिककरीण

पॅडलवाला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

स्वच्छंदी

पॅडलवाला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून लिहिलंत, आभार. माझा पहिला एका शब्दाचा प्रतिसाद उतावळा होता.

निशिकासाई

तोक्योहून लिहितोय. प्रील्यूड चालवलीय, त्यामुळे लिहिणं भाग आहे.

नोव्हेंबरात एका दिवसासाठी भाड्याने घेतली आणि हाकोनेच्या डोंगरात गेलो. इथे तिची किंमत साधारण ६२ लाख येन आहे (रुपये समजून दचकू नका). २ लिटर इंजिन, दोन मोटरी, सगळं मिळून २०० हॉर्सपॉवर. सस्पेन्शनची मांडणी सिव्हिक टाइप आर वरून घेतलीय, पुढे ब्रेम्बोचे ब्रेक. कागदावर २०० हा आकडा काही मोठा नाही, आणि सरळ रस्त्यावर ती वेड्यासारखी पळतही नाही.

सुरुवातीचे २० किलोमीटर एस प्लस बंद ठेवलं. शांत, गुळगुळीत, कंटाळवाणं. मग बटण दाबलं. समोर टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) आला आणि पाय दाबल्यावर काटा वेगासोबत चढायला लागला. उजवं पॅडल ओढलं की काटा खाली पडतो, पाठीला बारीकसा धक्का. सरळ रस्त्यावर ५ मिनिटांत त्याचं कौतुक संपलं, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

खरी गंमत उतारावर आली. डावीकडे वळणारं एक आवळत जाणारं वळण होतं, आत शिरल्यावर कळतं की ते अजून वळतंय. वळणाआधी डावं पॅडल दोनदा ओढलं. इंजिन ‘व्हूं-व्हूं’ करून चढलं आणि मागून कुणीतरी हलकेच कॉलर धरावी तशी गाडी आवळली. ब्रेकला पाय न लावता मी हव्या त्या वेगाला आलो. आणि किती वेगाला आलो ते मी बघितलं नाही, ऐकलं. डोळे पूर्ण वेळ रस्त्यावर होते.

तिथून पुढे दिवसभर बटण बंद केलं नाही.

सुरपेटी

‘बघितलं नाही, ऐकलं’ हे वाक्य मला फार आवडलं. गाडीतलं मला काही कळत नाही, पण गाणं शिकवते म्हणून लिहायचं धाडस करते.

आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हा जुन्या लोकांनी हीच ओरड केली होती. तारा नाहीत, भोपळा नाही, जवारी नाही, मग सूर कुठला? आज माझ्या २२ विद्यार्थिनींपैकी २० जणी मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर रियाज करतात. त्यांचा षड्ज पक्का आहे. कारण गाणाऱ्याला तानपुरा लागतो तो स्वतःचा सूर कुठे आहे हे कळायला. मैफलीत मात्र मी अजूनही तारांचाच घेते, त्या गुंजनाला दुसरं काही नाही.

ड्रायव्हरचंही तसंच असेल का? इंजिनाचा आवाज म्हणजे त्याचा आधारस्वर?

स्वच्छंदी

सुरपेटी ताई, उपमा सुंदर आहे, पण एक ठिकाणी अडते. यंत्रातला तानपुरा जो सा देतो तो खरोखर सा असतो. इथे स्पीकर सांगतो की तिसरा गिअर आहे, आणि तिसरा गिअर नसतोच.

वीजतंत्री

स्वच्छंदी, तुमच्या मुद्द्याचे दोन भाग पाडायला हवेत. प्रील्यूडमध्ये इंजिन खरंच त्या आरपीएमला फिरत असतं, स्पीकर फक्त ते ठळक करतात. ह्युंडाईच्या आयोनिक ५ एन मध्ये (२०२३) मात्र इंजिनच नाही, ती पूर्ण विजेवरची गाडी. तिथे ८ गिअरही आभासी आणि आवाजही सगळा स्पीकरचाच. त्या गाडीत वेळेवर वरचा गिअर टाकला नाही, तर ती रेव्ह लिमिटरला (इंजिनाच्या आरपीएमच्या कमाल मर्यादेला) आपटल्यासारखी अडते. इंजिन नसताना!

निशिकासाई

आणि मधली वाट काढणारेही आहेत. लेक्ससच्या एलसी ५०० एच मध्ये हायब्रीड संचाच्या मागे खरोखरचा ४ गिअरचा ऑटोमॅटिक जोडलाय, आणि दोन्ही मिळून ड्रायव्हरला १० टप्पे देतात. काही दात खरे, काही भास. २०१० च्या होंडा सीआर-झेडमध्ये तर चक्क ६ गिअरचा मॅन्युअल होता, क्लचसकट, आणि ती हायब्रीडच होती. स्वच्छंदींना ती नक्की आवडली असती.

स्वच्छंदी

सीआर-झेड! बरोबर. हायब्रीड आणि खरा गिअर एकत्र नांदू शकतात हे १५ वर्षांपूर्वी दाखवून झालंय. मग तीच वाट पुढे का नेली नाही?

वीजतंत्री

कारण तिथे मोटर इंजिनाला फक्त हात देत होती. मोटर मोठी केली आणि चाकं तिच्याकडे सोपवली की गिअरबॉक्सची गरजच उरत नाही, वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. सिटी हायब्रीडची मोटर २५३ न्यूटन-मीटर जोर देते, तोही जवळजवळ शून्यापासून. इंजिनाला जिथे श्वास लागतो तिथे मोटरला लागत नाही. गिअर हा इंजिनाच्या अडचणीवरचा उपाय होता.

लालडबा

धागा वाचतोय कालपासून. आता राहवत नाही.

वडील एसटीत चालक होते, ३१ वर्षं. बरीचशी कोल्हापूर-रत्नागिरी. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्या शेजारी, इंजिनावरच्या बॉनेटवर गोणपाट टाकून बसायचो. बूड भाजायचं, पण जागा सोडायचो नाही. जुन्या गाड्यांना डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून एक्सलेटरचा एक फटका, परत क्लच, मग गिअर. फटका कमी पडला तर खालून करकर आवाज यायचा आणि मागचे प्रवासी चुकचुकायचे. वडिलांचा डावा तळवा दांड्याच्या गोळ्यावर नुसता टेकलेला असायचा, पकडलेला नाही. म्हणायचे, “ती सांगते कधी घ्यायचा ते.”

आंबा घाट उतरायच्या आधी ते वरच गिअर पाडून घ्यायचे. नियम एकच : ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्यांवर त्यांचा फार राग होता. अर्ध्या घाटात ब्रेक लायनरचा जळका वास आला की समजायचं, पुढच्या गाडीवाल्याने शहाणपणा केलाय.

आता मूळ मुद्दा. दोन वर्षांपूर्वी मेहुण्यांची हायब्रीड घेऊन मी तोच घाट उतरलो. सवयीने गिअर शोधला, नाही. सुरुवातीला एक्सलेटर सोडला की गाडी छान धरत होती. निम्मा घाट उतरल्यावर माझा पाय कशावरही नसताना इंजिन एकदम बोंबलायला लागलं. ४ हजार आरपीएम असतील. बायको घाबरली, मी पण. मला वाटलं एक्सलेटर अडकला. बाजूला घेऊन १० मिनिटं थांबलो. गाडीला काही झालेलं नव्हतं. हे काय होतं, ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

वीजतंत्री

लालडबा, तुमच्या वडिलांचाच नियम गाडी पाळत होती.

गणित करून बघा. माणसांसकट गाडी १,५०० किलो, घाटाची उंची ६०० मीटर धरू. वरून खाली येताना सुटणारी ऊर्जा साधारण २.४५ युनिट, म्हणजे वीजबिलावर असतात तेच युनिट. टायरचं घर्षण आणि वारा यांत पाऊण युनिट गेलं, विजेत रूपांतर करताना अजून थोडं गेलं, तरी सव्वा युनिट बॅटरीत शिरायला बघतं. आणि बॅटरी केवढी? टोयोटा हायरायडर-मारुती ग्रँड विटाराच्या हायब्रीडची ०.७६ युनिट. त्यातलाही मधलाच भाग वापरतात, म्हणजे ती टिकते. म्हणून निम्म्या घाटात भांडं भरतं.

भरल्यावर वीज ठेवायला जागा नाही. मग संगणक ती वीज उलटी जनरेटरला देतो आणि जनरेटर मोटरसारखा चालून इंजिन फिरवतो. पेट्रोलचा थेंब जळत नाही, इंजिन नुसता हवेचा पंप होऊन वीज खातं. तो आवाज तुमच्या घाटातल्या दुसऱ्या गिअरचाच आवाज होता. फक्त गिअर गाडीने पाडला, तुम्हाला न विचारता.

लालडबा

दोन वर्षांनी जीव भांड्यात पडला. बायकोला वाचून दाखवलं. वडील असते तर त्यांना आधी सांगितलं असतं.

निशिकासाई

म्हणजे हाकोनेत मला जे आवडलं ते हेच होतं तर! आवाज तोच, पण मी आधी मागितला होता.

स्वच्छंदी

लालडबा आणि वीजतंत्री यांचे प्रतिसाद वाचून गाडी बाजूला लावून विचार करावा लागला.

मी अजूनही म्हणतो की सरळ रस्त्यावरचा झटका आणि स्पीकरचा आवाज मला नको. पण उतारावर पॅडल ओढून ‘मला आत्ता धरून ठेव’ असं गाडीला सांगता येत असेल आणि ती किती धरतेय हे कानाला कळत असेल, तर त्याला मी खेळणं म्हणणार नाही. तो ब्रेक आहे. तो हायब्रीडमध्ये असायलाच हवा.

नाशिककरीण

अहो, पण माझ्या गाडीत पॅडल आहेत की! मी समजत होते ती शोभेची आहेत.

वीजतंत्री

नाशिककरीण, गाडी सिटी हायब्रीड असेल तर ती पॅडल नक्की वापरा. पाय सोडल्यावर गाडी किती जोराने आवळावी ते त्यांनी ठरवता येतं. गिअरचं नाव नाही, आवाज नाही, पण काम तेच. बॅटरी भरेपर्यंत ब्रेकचे पॅडही वाचतात. टोयोटाच्या हायब्रीडमध्ये यासाठी गिअरच्या दांड्यावर ‘बी’ (ब्रेकिंग) असतो. शहरात त्याची गरज नाही, लांब उतारावर घाट सुरू होतानाच टाका, मधे नको.

नाशिककरीण

रविवारी सप्तशृंगी गडाच्या उताराला वापरून बघते आणि सांगते.

पॅडलवाला

अवांतर : कावासाकीने निन्जा ७ ही हायब्रीड मोटरसायकल काढली. ६ गिअर खरे, पण क्लचचा लिव्हर नाही आणि पायाचा गिअरही नाही, हातातल्या बटणाने बदलतात. डावा पाय साथ न देणाऱ्यांना दुचाकीवर खरे गिअर! फोटो बघून दोन रात्री झोप नाही.

सुरपेटी

पॅडलवाला, घ्याल तेव्हा इथे नक्की कळवा.

चौथा_गिअर

मंडळी, इतकं भरभरून लिहिलंत! प्रत्येक प्रतिसाद वाचला.

काल शोरूममध्ये पुन्हा गेलो. बायपास नको, ताम्हिणीला न्यायची आहे म्हटलं. मुलगा आधी का-कू करत होता, मग त्याच्या साहेबांनी परवानगी दिली. जाताना मी काहीच केलं नाही. विळ्याच्या बाजूचा उतार लागायच्या आधी पॅडलने गाडी आवळून घेतली. लालडबांच्या वडिलांची आठवण ठेवून, वरच.

तिसऱ्या वळणापर्यंत मी वेगाकडे बघत होतो, नंतर बघायची गरज पडली नाही. ब्रेकला पाय चारदा लावला असेल. पुढे बॅटरी भरल्याचं चिन्ह आलं, इंजिन गरजायला लागलं आणि शेजारचा सेल्सचा मुलगाच दचकला. “सर, काही झालं का?” मी त्याला वीजतंत्रींचं सव्वा युनिट समजावून सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र खटकलीच. उतारावर ती बोलते, चढावर नाही. परत चढताना तेच एकसुरी ओरडणं, मला काही सांगत नाही. तिथे एस प्लससारखं काही असतं तर मी नक्की वापरलं असतं. म्हणजे माझ्याच प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि चढासाठी जास्त.

गाडी बुक केली. जुनी विकत नाही, मुलगा १६ वर्षांचा आहे. त्याला डबल क्लच नाही, पण सिंगल तरी शिकवायचाय.

लालडबा

अभिनंदन! मुलाला आधी चढावर गाडी उभी करून हँडब्रेकवर चढवायला शिकवा. बाकी आपोआप येतं.

नाशिककरीण

गडावर जाऊन आले. पॅडल शोभेची नाहीत.